लहरी हिटर खरंच असतात का? बेसबॉलमधला भर, पडता काळ आणि हंगामागून हंगाम टिकणारा स्वभाव: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लहरी हिटर म्हणजे नेमकं कोण?

नियमित खेळणाऱ्या हिटरला एका हंगामात साधारण ५०० ते ६०० ॲट-बॅट (बॅट घेऊन उभं राहण्याच्या, हिशेबात धरल्या जाणाऱ्या संधी) मिळतात. वॉक (चार खराब चेंडूंमुळे फुकट मिळालेला बेस, म्हणजे मैदानावरचा टप्पा), अंगावर चेंडू लागून मिळालेला बेस आणि सॅक्रिफाइस (स्वतः आउट होऊन साथीदाराला पुढे सरकवणं) त्यात धरत नाहीत. चेंडू मारून सुखरूप बेस गाठला की ती हिट. हिटना ॲट-बॅटने भागलं की बॅटिंग ॲव्हरेज मिळतं. ०.२७० हे बऱ्यापैकी ॲव्हरेज, ०.३०० उत्तम.

आता दोन हिटर घ्या. दोघांचेही ५०० ॲट-बॅट आणि १३५ हिट. पहिल्याच्या हिट वर्षभर पसरलेल्या आहेत. दुसऱ्याने मे महिन्यात धुमाकूळ घातला आणि जूनमध्ये त्याची बॅट पार गारठली. मे हा त्याचा भर, जून हा पडता काळ. या दुसऱ्याला लोक लहरी म्हणतात.

इथे दोन वेगळे प्रश्न आहेत. नशिबाने जेवढे गुच्छ पडतील, त्यापेक्षा जास्त गुच्छांनी हिट येतात का? आणि हे गुच्छ पडणं त्या खेळाडूचा स्वभाव आहे का, म्हणजे यंदा लहरी ठरलेला हिटर पुढच्या वर्षीही लहरीच निघतो का? वाद घालणारे बहुतेक जण पहिल्याचा पुरावा दुसऱ्यासाठी वापरतात, आणि तिथेच गाडी रुळावरून घसरते.

थोडक्यात उत्तर काय?

सगळ्या हिटरची आकडेवारी एकत्र केली तर नशिबापेक्षा थोडे जास्त गुच्छ दिसतात. पण ‘अमुक हिटर स्वभावाने लहरी’ असं म्हणण्याइतका, वर्षानुवर्षं टिकणारा फरक जवळजवळ सापडत नाही.

पण पडता काळ तर डोळ्यांनी दिसतो. सलग १५ वेळा आउट होणं हे नशीब कसं?

गणित करून बघा. ०.२७० च्या हिटरची प्रत्येक वेळी आउट होण्याची शक्यता ०.७३ असते. एखाद्या हिटनंतर सलग १५ वेळा आउट होण्याची शक्यता ०.७३ चा पंधरावा घात, म्हणजे सुमारे ०.००९. ही अगदीच किरकोळ वाटते. पण असा पडता काळ हंगामातल्या १३५ हिटपैकी कुठल्याही हिटनंतर सुरू होऊ शकतो. १३५ गुणिले ०.००९ म्हणजे सरासरी १.२. म्हणून केवळ नशिबावर चालणाऱ्या, मनाने आणि शरीराने अगदी ठणठणीत हिटरलाही एका हंगामात निदान एकदा सलग १५ आउट बघावे लागण्याची शक्यता ७० टक्क्यांच्या घरात जाते. सलग २० आउटची शक्यताही २० टक्क्यांच्या वर आहे.

महिन्याच्या ॲव्हरेजचंही तसंच. १०० ॲट-बॅटच्या महिन्यात नशिबामुळे येणारं प्रमाण विचलन (सरासरीभोवतीच्या चढ-उताराचं माप) ०.०४४ असतं. म्हणजे खरं कौशल्य ०.२७० वर स्थिर असतानाही एका महिन्यात ०.१८५ आणि दुसऱ्यात ०.३५५ दिसणं मुळीच विशेष नाही. दैनिकांतले ‘काय बिघडलं?’ छापाचे मथळे बहुतेक वेळा याच अंतरात जन्माला येतात.

क्रिकेटमधला फॉर्म आणि हे एकच का?

कल्पना तीच: सूर गवसणं, बॅट न चालणं. फरक संधींच्या संख्येचा. कसोटी फलंदाजाला वर्षात वीस-पंचवीस डाव मिळतात आणि एका चुकीने डाव संपतो. बेसबॉलचा हिटर आउट झाला तरी त्याच सामन्यात तीन-चार वेळा परत येतो, आणि प्रत्येक संधीची नोंद सुटी-सुटी ठेवलेली असते. म्हणून हा प्रश्न बेसबॉलमध्ये जास्त नेटका तपासता येतो.

यावर कोणी काय शोधलं आहे?

सुरुवात बास्केटबॉलपासून झाली. १९८५ मध्ये थॉमस गिलोविच, रॉबर्ट व्हॅलोन आणि अमॉस ट्वर्स्की यांनी ‘हॉट हँड’ (लागोपाठ यश मिळालेल्याला पुढेही यश मिळत राहतं ही समजूत) हा भास आहे असं मांडलं. बेसबॉलमध्ये ख्रिश्चन अल्ब्राइट यांनी १९९३ मध्ये १९८७ ते १९९० या चार हंगामांची ॲट-बॅटनिहाय नोंद तपासली. काही हंगामांत काही हिटर लहरी दिसले, पण एकंदर चित्र नशिबाच्या नमुन्याशी जुळत होतं आणि एका वर्षी लहरी ठरलेले हिटर दुसऱ्या वर्षी तसे राहत नव्हते. आपल्या विषयाचा हा गाभा आहे. अल्ब्राइट यांचा निबंध ज्या अंकात आला, त्याच अंकात जिम अल्बर्ट यांनी त्यावर चर्चा केली आणि पुढे अनेक वर्षं हाच विषय वेगवेगळ्या मापांनी लावून धरला.

उलट बाजूही भक्कम आहे. ट्रेंट मॅकॉटर यांनी २००८ मध्ये १९५७ ते २००६ या काळातले प्रत्येक खेळाडूचे सामने संगणकावर १०,००० वेळा पत्त्यांसारखे पिसून बघितले. प्रत्यक्षातल्या लांब हिटमालिका (सलग सामन्यांत निदान एक-एक हिट) पिसलेल्या आवृत्त्यांपेक्षा स्पष्टपणे जास्त निघाल्या. ब्रेट ग्रीन आणि जेफ्री झ्वीबेल यांनी १२ वर्षांच्या आकडेवारीवर शेवटच्या २५ ॲट-बॅटची कामगिरी पुढच्या निकालाशी ताडून पाहिली. तपासलेल्या दहाही प्रकारांत त्यांना भराचा परिणाम दिसला. त्यांचा निबंध २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांचा एक मुद्दा पटण्यासारखा आहे: बास्केटबॉलमध्ये भरात असलेल्या खेळाडूवर दोन रक्षक लावता येतात आणि त्यामुळे भर आकड्यांत लपतो. बेसबॉलमध्ये पिचर (चेंडू टाकणारा) फार तर हिटरला वॉक देऊ शकतो, म्हणून भर लपायला जागा कमी.

मग जुन्या अभ्यासांना भर का दिसला नाही?

एक कारण गणितातलं आहे आणि ते अनेक वर्षं सगळ्यांच्या नजरेतून निसटलं. जोशुआ मिलर आणि ॲडम सान्हुर्हो यांनी ते उजेडात आणलं. नाणं तीनदा उडवा. छाप्यानंतर लगेच किती वेळा पुन्हा छापा आला, याचं प्रमाण त्या तीन फेकींसाठी काढा. आठ शक्य क्रमांपैकी दोनांत हे प्रमाण काढताच येत नाही. उरलेल्या सहांमधली प्रमाणं १, ०.५, ०, ०, १, ० अशी येतात. सरासरी ०.४१७, ०.५ नव्हे! नाणं पूर्ण प्रामाणिक असूनही ‘छाप्यानंतर छापा’ कमी दिसतो. छोट्या क्रमांत हा झुकाव मोठा असतो. म्हणून ‘हिटनंतर हिट’ आणि ‘आउटनंतर हिट’ यांची थेट तुलना करणाऱ्या पद्धतीला खरा भर कमी दिसतो. पुढे दिलेल्या पिसण्याच्या पद्धतीत ही अडचण येत नाही, कारण पिसलेल्या क्रमांनाही तोच झुकाव लागू पडतो.

दुसरं कारण म्हणजे एका हंगामाच्या आकड्यांची खरा फरक ओळखण्याची ताकदच तोकडी. त्याबद्दल पुढे सविस्तर.

लहरीपणा मोजायचा कसा?

चार मापं प्रचलित आहेत. ५०० ॲट-बॅट आणि १३५ हिटचंच उदाहरण धरून सांगतो.

पहिलं, धावांची संख्या. इथे धाव म्हणजे एकसारख्या निकालांची सलग पट्टी. रनशी तिचा संबंध नाही. १३५ हिट आणि ३६५ आउट नशिबाने मिसळले तर १९८ च्या आसपास पट्ट्या पडतात, प्रमाण विचलन ८.८. पट्ट्या १८० किंवा त्याहून कमी असतील तर गुच्छ नशिबापेक्षा जास्त, असं म्हणायला वाव मिळतो.

दुसरं, गठ्ठ्यांचं माप. हंगामाचे २५-२५ ॲट-बॅटचे २० गठ्ठे करा, प्रत्येकाचं ॲव्हरेज काढा आणि त्यांचा फैलाव बघा. नशिबाने प्रत्येक गठ्ठ्याचं प्रमाण विचलन ०.०८९ यायला हवं. दोन-तीन आठवडे टिकणारा भर पकडायला हे माप चांगलं.

तिसरं, अंतरांचं माप. दोन हिटमधल्या आउटची संख्या मोजा, प्रत्येक अंतराचा वर्ग करा आणि बेरीज घ्या. मोठ्या खड्ड्यांना वर्गामुळे जास्त वजन मिळतं. एकच माप वापरायचं असेल तर आम्ही हे सुचवू.

चौथं, सर्वांत लांब पडता काळ. लोकांना हे आवडतं, पण ते एकाच घटनेवर उभं असतं म्हणून फार डळमळीत.

दोन हंगामांची तुलना घरच्या घरी करता येईल का? पायऱ्या सांगा.

येईल. रेट्रोशीट ही १९८९ पासून काम करणारी संस्था सामन्यांची घटनानिहाय नोंद मोफत देते. चॅडविक नावाच्या मोफत साधनांनी त्या फायलींचे तक्ते करता येतात.

१. दोन लागोपाठचे हंगाम घ्या. दोन्ही हंगामांत निदान ४०० ॲट-बॅट असलेले हिटरच ठेवा. असे १५० च्या आसपास मिळाले तर काम भागतं.

२. फक्त ॲट-बॅट म्हणून गणलेल्या ओळी ठेवा. हिटला १, बाकी सगळ्याला ०. घटनेचा कोड २० ते २३ असेल तर ती अनुक्रमे एक, दोन, तीन बेसची हिट आणि होम रन. क्षेत्ररक्षणाच्या चुकीमुळे बेस मिळाला (कोड १८) तर ० लिहा.

३. ओळी काळाच्या क्रमाने लावा. इथे हमखास फसगत होते. सामन्याच्या ओळखक्रमांकात पहिली तीन अक्षरं यजमान संघाची, नंतरचे आठ अंक तारखेचे आणि शेवटचा अंक दिवसातल्या सामन्याचा असतो. थेट ओळखक्रमांकाने क्रम लावला तर आधी यजमान संघ गोळा होतात आणि एकाच मैदानावरचे सगळे सामने शेजारी येतात. तारीख वेगळी काढा, आधी तिच्यावर, मग सामन्याच्या अंकावर, मग घटनेच्या क्रमांकावर क्रम लावा.

४. प्रत्येक हिटर-हंगामासाठी अंतरांच्या वर्गांची बेरीज काढा.

५. त्याच खेळाडूचे तेच १ आणि ० पत्त्यांसारखे पिसा आणि माप पुन्हा काढा. असं १,००० वेळा करा. स्प्रेडशीटमध्ये शेजारच्या स्तंभात यादृच्छिक आकडे भरून त्यांवर क्रम लावला की एकदा पिसून होतं. मात्र १५० हिटरसाठी छोटा प्रोग्रॅमच लिहावा लागेल.

६. खरं माप पिसलेल्यांच्या सरासरीपासून किती प्रमाण विचलनं वर किंवा खाली आहे ते लिहा. हा त्या हिटरचा त्या हंगामातला लहरीपणाचा गुण.

७. आता दोन गोष्टी बघा. सगळ्यांच्या गुणांची सरासरी शून्याच्या वर आहे का, हे पहिल्या प्रश्नाचं उत्तर. पहिल्या आणि दुसऱ्या हंगामातल्या गुणांचा सहसंबंध (दोन आकडे किती बरोबरीने चढतात-उतरतात; ० म्हणजे काहीच नाही, १ म्हणजे पूर्ण) किती, हे दुसऱ्याचं.

सहसंबंध किती आला तर ‘स्वभाव’ मानायचा?

१५० हिटर असतील तर निव्वळ नशिबानेही सहसंबंध शून्याभोवती ०.०८ ने हलतो. म्हणून ०.१६ च्या आतल्या आकड्यावर काही बोलू नये. तुलनेसाठी, स्ट्राइकआउटचं (चेंडू मारता न आल्याने आउट होण्याचं) प्रमाण एका वर्षातून दुसऱ्या वर्षी ०.८ च्या आसपास जुळतं. बॅटिंग ॲव्हरेज त्याच्या निम्म्यापर्यंत जेमतेम पोचतं. लहरीपणाचा गुण शून्याजवळ घुटमळतो.

माझ्या तक्त्यात सहसंबंध चांगला ०.३ आला. मी काय चुकवलं?

बहुधा पिसण्याची पायरी गाळली असेल आणि सर्वांत लांब पडत्या काळाची थेट तुलना केली असेल. कमी ॲव्हरेजच्या हिटरचा पडता काळ लांबच असणार. सलग १५ आउटचा काळ हंगामात येण्याची शक्यता ०.३१० च्या हिटरला सुमारे ४५ टक्के, ०.२३० च्या हिटरला सुमारे ९० टक्के. ॲव्हरेज वर्षागणिक काही अंशी टिकतं, म्हणून पडत्या काळाची लांबीही टिकल्यासारखी वाटते. त्यात लहरीपणा कुठेच नसतो. ॲट-बॅटची संख्या वेगवेगळी असली तरी हेच होतं.

दुसरी शक्यता परिस्थितीची. घरचे सामने सलग येतात, बाहेरचेही सलग येतात. डेन्व्हरचं कूर्स फील्ड समुद्रसपाटीपासून सुमारे १,६०० मीटर उंचीवर आहे. विरळ हवेत चेंडू लांब जातो. तिथल्या हिटरला घरी भर आणि बाहेर ओहोटी दरवर्षी येणार, आणि गुण दोन्ही वर्षी वर जाणार. उपाय सोपा: घरचे निकाल घरच्यांत आणि बाहेरचे बाहेरच्यांत पिसा. एप्रिलची थंडी आणि जुलैचा उन्हाळा यांसाठीही अशीच विभागणी करता येते, पण फार तुकडे केले तर खरा भरही पुसला जातो. दोन थरांवर थांबावं.

सहसंबंध शून्य आला म्हणजे भर हा भास आहे, असंच ना?

मुळीच नाही, आणि हा मुद्दा जरा थांबून समजून घ्यावा असा आहे.

समजा प्रत्येक हिटर थोडा लहरी आहे आणि सगळे सारख्याच प्रमाणात. मग गुणांची सरासरी शून्याच्या वर असेल, पण हिटर-हिटरमध्ये खरा फरकच नसल्याने दोन वर्षांचा सहसंबंध शून्य येईल. सर्दी सगळ्यांनाच होते. म्हणून ‘सर्दाळू’ आणि ‘बिनसर्दीचे’ असे माणसांचे दोन वर्ग पडत नाहीत. अल्ब्राइट यांचा निष्कर्ष आणि मॅकॉटर यांचा निष्कर्ष एकमेकांना खोडत नाहीत, ते याचमुळे.

आता ताकदीचं गणित. समजा एखादा हिटर खरोखरच काही आठवडे ०.३२० चा आणि काही आठवडे ०.२२० चा असतो. हा फरक प्रचंड आहे. ऑल-स्टार (हंगामातले निवडक तारे) आणि राखीव खेळाडू यांच्यातलं अंतरच म्हणा. तरी २५ च्या गठ्ठ्यांचा फैलाव (प्रमाण विचलनाच्या वर्गात मोजलेला) यामुळे नशिबाच्या १.३ पट होतो, आणि २० गठ्ठ्यांत नशिबानेच हा आकडा ०.३ ने वर-खाली जातो. म्हणजे एका हंगामात हा हिटर गर्दीत बेमालूम मिसळून जाईल. २०० हिटरच्या नोंदी एकत्र केल्या तर हाच परिणाम लख्ख दिसेल. झुंड बघून भर कळतो, एकट्याकडे बघून कळत नाही.

आणि अर्धे हिटर असे लहरी, अर्धे पूर्ण स्थिर असते तर? तेव्हाही वर्षागणिक सहसंबंध ०.२ च्या आसपासच आला असता. १५० हिटरच्या तक्त्यात तो उठून दिसला असता. तेवढाही दिसत नाही, यावरून हिटर-हिटरमधला फरक याहून बराच लहान असणार एवढं म्हणता येतं.

सलग दोन वर्षं लहरी ठरलेला एक हिटर मला सापडला आहे. त्याचं काय?

२०० हिटरमधले सर्वांत लहरी १० टक्के म्हणजे २०. नशिबाने त्यांतले दोन पुढच्या वर्षीही त्या विसांत येणारच. तुम्हाला ते दोघेच भेटले असतील. तिसऱ्या आणि चौथ्या हंगामाचे गुण काढा. निवड करताना वापरलेली वर्षं पुरावा म्हणून पुन्हा वापरू नका.

जो डिमॅजिओंची ५६ सामन्यांची मालिका मग काय सांगते?

१५ मे ते १६ जुलै १९४१ या काळात न्यूयॉर्क यँकीजच्या डिमॅजिओंनी सलग ५६ सामन्यांत निदान एक हिट मारली. त्या काळात २२३ ॲट-बॅटमध्ये ९१ हिट, ॲव्हरेज ०.४०८. १७ जुलैला क्लीव्हलँडमध्ये तिसऱ्या बेसवरच्या केन केल्टनरने दोन अप्रतिम झेपांनी ती मालिका थांबवली. त्याआधी १९३३ मध्ये सॅन फ्रान्सिस्को सील्स या खालच्या श्रेणीच्या संघाकडून त्यांनी सलग ६१ सामन्यांत हिट मारल्या होत्या. मेजर लीग या अमेरिकेतल्या सर्वोच्च श्रेणीत त्यांच्या सर्वांत जवळ आधुनिक काळात पीट रोझ पोचले, १९७८ मध्ये ४४ सामने.

१९४१ च्या हंगामातलं डिमॅजिओंचं ०.३५७ हे ॲव्हरेज आणि सामन्याला ४ ॲट-बॅट धरले तर एका सामन्यात हिट मिळण्याची शक्यता ०.८३. तिचा छप्पन्नावा घात म्हणजे साधारण छत्तीस हजारांत एक. ॲट-बॅट कधी ३, कधी ५ होतात म्हणून खरी शक्यता याहूनही कमी: ०.३०० च्या हिटरला ४ ॲट-बॅटमध्ये ०.७६ शक्यता असते, पण ३ आणि ५ ची सरासरी ०.७४ येते. तरी सॅम्युअल आर्ब्समन आणि स्टीव्हन स्ट्रोगॅट्झ यांनी २००८ मध्ये बेसबॉलचा सगळा इतिहास संगणकावर १०,००० वेळा खेळवला, तेव्हा सुमारे ४२ टक्के इतिहासांत कोणा ना कोणाची ५६ किंवा जास्त सामन्यांची मालिका झाली. एका माणसाची एक मालिका, कितीही थोर असली तरी, लहरी स्वभावाचा पुरावा होत नाही. शिवाय लांब हिटमालिका सातत्याचंही लक्षण असू शकते! डिमॅजिओ त्या अख्ख्या हंगामात फक्त १३ वेळा स्ट्राइकआउट झाले.

हिटमालिका मोजताना कुठले नियम ध्यानात ठेवायचे?

सामन्यातल्या सगळ्या संधी वॉक, अंगावर लागलेला चेंडू, रक्षकाचा अडथळा किंवा सॅक्रिफाइस बंट (बॅट हलकेच लावून साथीदाराला पुढे सरकवणं) यांतच गेल्या तर मालिका तुटत नाही. सॅक्रिफाइस फ्लाय (उंच झेल देऊन साथीदाराला धाव मिळवून देणं) असेल आणि हिट नसेल तर मात्र तुटते, जरी सॅक्रिफाइस फ्लाय ॲट-बॅटमध्ये धरत नसले तरी. प्रोग्रॅम लिहिणारे इथे नेहमी घसरतात. बदली हिटर म्हणून एकाच संधीसाठी आलेले सामने वेगळे ठेवा. ते एकत्र गोळा होतात आणि पिसताना विखुरतात, त्यामुळे खोटा गुच्छ दिसतो.

खरा भर कुठून येत असेल?

दुखरं मनगट किंवा ताणलेला स्नायू, आणि त्यातून बरं होणं. स्विंगमधला बदल. लागोपाठ दुबळे किंवा तगडे पिचर समोर येणं. दुखापतीचा भाग महत्त्वाचा, कारण तो खरा असतो, आठवडे टिकतो, पण दरवर्षी त्याच माणसाला होईलच असं नाही. वर्षागणिक सहसंबंध शून्याजवळ का राहतो, याचं हे एक सरळ स्पष्टीकरण आहे.

गेल्या २५ ॲट-बॅटमध्ये १० हिट मारणाऱ्याला वरच्या क्रमांकावर खेळवावं का?

त्याचं नेहमीचं ॲव्हरेज ०.२७० असेल आणि भराचा फेर (खरं कौशल्य त्या ॲव्हरेजच्या किती वर-खाली जातं) ०.०५० इतका मोठा मानला, तरी पुढचा अंदाज ०.३०० च्या आसपास येतो, ०.४०० नाही. फेर ०.०१५ मानला, जो अधिक पटण्याजोगा आहे, तर अंदाज ०.२७४. समोरचा पिचर डावरा आहे की उजवा, याचा फरक सहसा यापेक्षा मोठा असतो. आधी ते बघा. मात्र हिटर लंगडत असेल, चेंडूपर्यंत उशिरा पोचत असेल, तर ती माहिती २५ ॲट-बॅटच्या आकड्यापेक्षा मोलाची.

हिटऐवजी दुसरं काही मोजलं तर चित्र स्पष्ट होईल का?

हो, आणि पुढचं काम तिथेच आहे. हिट हा हो-नाहीचा निकाल. कडक मारलेला चेंडू थेट रक्षकाच्या हातात गेला तरी ०. २०१५ पासून मेजर लीगच्या सगळ्या मैदानांवर स्टॅटकास्ट यंत्रणा बॅटवरून सुटणाऱ्या चेंडूचा वेग मोजते आणि २०२४ मध्ये बॅट फिरवण्याचा वेगही सर्वांसाठी खुला झाला. पिचरच्या बाबतीत रॉब आर्थर आणि ग्रेगरी मॅथ्यूज यांनी २०१७ मध्ये फास्टबॉलच्या वेगावरून भराचे आणि ओहोटीचे टप्पे वेगळे काढून दाखवले होते. हिटरसाठी तेच करायचं तर बेसबॉल सॅव्हंट या स्टॅटकास्टचे आकडे देणाऱ्या संकेतस्थळावरून प्रत्येक स्विंगचा वेग तारखेनुसार उतरवा, वर दिलेल्या पायरी ५ प्रमाणे पिसा, आणि माप म्हणून २५ स्विंगच्या गठ्ठ्यांचा फैलाव वापरा. बंट आणि अर्धवट थांबवलेले स्विंग आधी काढून टाका, नाहीतर त्यांचे मंद आकडेच पडता काळ म्हणून दिसतील.